अप्पांचा बोहनीचा गेम

सकाळी दहा वाजता, लातूर. शिवराज अप्पांचं गेम पार्लर उघडायचं. उदबत्ती लावून अप्पा रेसिंगच्या मशीनमध्ये स्वतःच टोकन टाकायचे आणि पहिला गेम खेळायचे. बोहनी!

मी आयुष्यभर बातमीदारी केली. किस्से शोधावे लागत नाहीत, चहा सांगितला की आपणहून येऊन बसतात. हे लातूरच्या अप्पांचे आणि नांदेडला असंच पार्लर चालवणाऱ्या रफिकभाईंचे.

*

पूर्वी मशीनसोबत गेम यायचा. आता मशीन आपलं, गेम कंपनीचा! तो इंटरनेटवरून येतो. त्यासाठी आधी डिपॉझिट भरा, वर प्रत्येक खेळामागे कंपनी हिस्सा कापणार. अप्पांनी डिपॉझिट कर्ज काढून भरलं.

बोहनीचाही हिस्सा कापला गेला. अप्पांनी फोन लावला, "साहेब, ते गिऱ्हाईक नव्हतं. मीच होतो."

"सर, सिस्टिमला मालक ओळखू येत नाही."

"कर्ज काढताना बँकेनं बरं वळखलं!"

*

रविवारी दुपारी रफिकभाईंकडे वाढदिवसाची बारा पोरं आली. पडद्यावर 'अपडेट सुरू आहे'. केक संपला, पोरं गेली, आणि मशीन म्हणालं, 'खेळायला तयार!'

कंपनीचं उत्तर : आमच्याकडे तेव्हा पहाट होती.

रफिकभाई भडकले. "मग नांदेडच्या पोरांनी अमेरिकेच्या टायमानं जन्माला यायचं का?"

*

रस्ता खोदला, केबल तुटली. नेट नाही तर गेमला कुलूप! रफिकभाईंनी आपल्या जुन्या मोबाईलचं नेट मशीनला जोडलं. पण घरून फोन आला की नेट तुटायचं आणि शर्यत जागीच थांबायची.

एक गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, "भाई, भाभीला सांगा ना, लई जवळ आलो. एवढी लॅप होऊ द्या!"

*

शेवटी अप्पा वैतागले. "मी कंपनीसाठीच दुकान उघडून बसलो की!" मशीनचा प्लग काढला, टेम्पोत घालून गोदामात नेलं, वर चादर टाकली. खातं बंद करून डिपॉझिट परत द्या, असा अर्ज केला. त्या पैशातून कर्ज फिटणार होतं.

अर्ज नामंजूर. 'आपल्या मशीनवर अजून खेळ सुरू आहे.'

अप्पांनी मला कंपनीच्या नोंदी दाखवल्या. मशीन गोदामात गेल्यावरही रोज एक गेम, वेळ सकाळी दहा. हिस्साही कापलेला.

मी गोदाम पाहून आलो. तिथं विजेची जोडणीच नाही. कंपनीला तीनदा लेखी विचारलं, खेळतंय कोण? उत्तर नाही.

आज सकाळी दहालाही एक गेम झाला.