डाव्या पायाचा पुरावा

आमच्या गाडीत स्टिअरिंगसमोरचा पिवळा दिवा लागला तेव्हा मी बायकोला सांगितलं की पिवळा म्हणजे काळजीचं काही नाही, काळजीचा लाल असतो. हे मी कुठे वाचलं होतं ते आठवत नाही. बहुधा कुठेच नाही. पण मी आयुष्यभर एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं आहे, त्यामुळे यंत्राच्या भागांची नावं मला पाठ असतात. ते भाग कुठे बसतात हे कधी कुणी विचारलं नाही.

आमच्या सोसायटीत मी गाडीतला जाणकार समजला जातो, म्हणजे मी तसं समजतो. दसऱ्याला बाकीचे लोक बंपरला झेंडूचा हार घालतात, चाकासमोर नारळ फोडतात आणि घरी जाऊन जेवतात. मला हे वरवरचं वाटतं. मी बॉनेट उघडून थेट इंजिनाची पूजा करतो. यंदाही केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी सगळीकडे सारखं पडेल असं शिंपडलं. शेजारचे दोघे बघत होते, म्हणून जरा जास्तच शिंपडलं.

बायको द्रोणागिरीच्या एका शाळेत शिकवते. पंचेचाळिशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि तेव्हापासून रोज कंटेनरच्या ट्रेलरमधून वाट काढत पनवेलहून उरणच्या बाजूला जाते. दिवाळीनंतर ती एक दिवस म्हणाली, "अहो, गाडी चालता चालता मान टाकते. ॲक्सिलरेटर दाबला तरी पळत नाही. मागे ट्रेलर असतो, तो हॉर्नवरून हात काढत नाही. बंद करून परत चालू केली की बरी होते."

मी चहा संपवला आणि निदान केलं. "तू क्लचवर पाय ठेवून चालवत असशील."

"नाही ठेवत."

"ठेवणाऱ्याला कळत नाही," मी म्हणालो.

असं वाक्य बोलून झालं की समोरच्याला उत्तरच उरत नाही, म्हणून मला ते फार आवडतं. तिने नंतर दोनतीनदा विषय काढला. प्रत्येक वेळी मी तिच्या डाव्या पायावर बोललो. मग मात्र मला वाटलं, नुसतं बोलून उपयोग नाही, शास्त्रीय पुरावा हवा. गाडीच्या कॉम्प्युटरशी लॅपटॉप जोडला की गाडीच्या पोटातलं सगळं पडद्यावर दिसतं, अगदी क्लच दाबला की सोडला हेसुद्धा, असं मी एका व्हिडिओत पाहिलं. लगेच केबल मागवली. थोडक्यात, गाडी दुरुस्त करायला नव्हे, बायकोला पकडायला मी या विद्येत शिरलो.

केबलबरोबर पापडाएवढी सीडी आली. आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जुना कॉम्प्युटर होता, त्याने ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि हात पुसले. सूचना इंग्रजीत होत्या, पण ते इंग्रजी कुठल्या देशातलं होतं ते कळेना. आधी अँटिव्हायरस ठार मारा. मग इंटरनेट तोडा. मग तारीख काही वर्षं मागे न्या, नाहीतर सॉफ्टवेअर रागावेल. एखाद्या अनोळखी माणसाने दारात येऊन कुत्रा बांधायला, फोन काढून ठेवायला आणि घड्याळ फिरवायला सांगितलं असतं तर मी पोलीस बोलावले असते. इथे मी तिन्ही गोष्टी आनंदाने केल्या.

सॉफ्टवेअर बसलं आणि म्हणालं, केबल सापडत नाही. केबल त्याच्या नाकासमोर खोचलेली होती. मग कळलं की तिला 'ड्रायव्हर' नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो. तो बसवला, तर लॅपटॉपने केबलला अकरावा पोर्ट दिला आणि सॉफ्टवेअरला चारपर्यंतच मोजता येत होतं. सरकारी कार्यालयात असतं तसंच ते होतं, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि काम बंद. पोर्टचा नंबर बदलायचा असतो हे समजायला मला तीन संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार लागला. दरम्यान बायको परीक्षेचे गुण भरायला बसली, तर शाळेची साइट उघडेना.

"घड्याळ मागे आहे म्हणतोय हा," ती म्हणाली.

"राहू दे. तपास चालू आहे," मी म्हणालो.

ती मोबाइलवर गुण भरत बसली.

गाडीतलं सोळा भोकांचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. ते शोधताना मी सीटवर उलटा आणि पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत निम्म्या सोसायटीला दिसलो. पण शेवटी जोडणी झाली आणि पडद्यावर एकच ओळ आली: इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा सेन्सर, सिग्नल मधूनमधून तुटतो. आता ज्याला खरोखर काही जाणून घ्यायचं आहे, तो इथे थांबून विचार करेल. मी 'पुसून टाका' हे बटण दाबलं. दिवा गेला. मी बायकोला हाक मारून सांगितलं, "झाली दुरुस्त."

दुसऱ्या संध्याकाळी दिवा हजर. मी पुन्हा पुसला. मग तो आमचा रोजचा कार्यक्रमच झाला. ती थकून यायची, मी लॅपटॉप घेऊन खाली जायचो, दिवा घालवायचो आणि समाधानाने वर यायचो. तिचं बोलणं कमी झालं हे मी माझ्या विद्येचं यश मानलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. मी म्हणालो, मी बरोबर येतो, चालत्या गाडीत मोजू. लॅपटॉपची बॅटरी पंचवीस मिनिटं टिकत होती, तेवढी मला पुरेशी वाटली. मांडीवर पडदा उघडून बसलो. त्यावर तीन रकाने होते: ॲक्सिलरेटर किती दाबलाय, हवेचा दाब किती, आणि क्लच. मी फक्त तिसऱ्याकडे टक लावून होतो.

ती एकदाच म्हणाली, "पायच बघायचा असेल तर खाली बघा ना. तिथे कशाला?"

मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही."

गव्हाण फाटा मागे पडला. पुलाच्या चढावर होतो, आणि गाडीचा जीवच गेला. आवाज चालू, पण पुढे जाण्याची ताकद नाही. आरशात एका ट्रेलरचं तोंड मोठं मोठं होत गेलं, त्याचा हॉर्न माझ्या छातीत वाजला. मी घाबरलो, हे सांगायला हरकत नाही. मी डॅशबोर्ड धरला, लॅपटॉप गुडघ्यांवरून घसरला, आणि माझ्या तोंडून कुठल्याही भागाचं नाव निघालं नाही.

तिने चारही इंडिकेटर लावले. ब्रेकला हात, पाय काही लावला नाही. उरलेल्या वेगात गाडी हळूहळू डावीकडे घेतली आणि कठड्याशी उभी केली. ट्रेलर शेजारून गेला तेव्हा आमची गाडी हलली. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, ओठातल्या ओठात दहा आकडे मोजले, परत चालू केलं. हे सगळं तिने सवयीने केलं. मला सर्वांत जास्त भीती त्या सवयीची वाटली.

"रोज होतं असं?" मी विचारलं.

"रोज नाही. आठवड्यातून तीनदा."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मलाही वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकतंय. एक तारखेपासून बसने जाणार होते. गाडी आता आपण नाही चालवायची, असं ठरवलं होतं."

मी लॅपटॉप उचलला. केबल निसटून पडदा त्या क्षणावर थांबलेला होता. ॲक्सिलरेटर ऐंशी टक्के दाबलेला. हवेचा दाब शून्य. क्लच: सोडलेला. मी तो पडदा तिच्याकडे वळवला. तिने वाचलं, आरशात मागचा रस्ता बघितला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, कारण शाळेची वेळ झाली होती.

रविवारी मी स्वतः गाडी पनवेलजवळच्या कोन गावातल्या गॅरेजवर नेली, तिला शेजारी बसवून. मिस्त्री तिथलाच. पडद्यावरची ओळ त्याने एकदा वाचली, बॉनेट उघडलं आणि सेन्सरचा प्लग ओढून काढला. आतल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता आणि कडेला लाल चिखल सुकला होता. त्याने तो बोटावर घेऊन वास घेतला.

"काका, ह्यो कुंकू हाय," तो म्हणाला. "आनि नारलाचा पानी. दसऱ्याला इंजिनवर वतला काय तुमी? लोकं चाकाजवल फोडतात. आतमधी कोन नाय टाकत."

मी म्हणालो, जरा श्रद्धेने केलं होतं.

"त्याच्यानंच पिना खाल्ल्या," तो म्हणाला आणि ब्रश शोधायला लागला.

बायकोने त्याला विचारलं, मला नाही. "म्हणजे क्लचवर पाय ठेवल्याने असं होत नाही?"

"नाय ताई. क्लचचा काय संबंध?"

"बरं," ती म्हणाली. मी माफी मागितली, मिस्त्रीसमोरच. तिने मान हलवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

येताना तीच चालवत होती. लॅपटॉप मागच्या सीटवर, बंद. रस्ता मोकळा होता, गाडी छान पळत होती. मी पहिल्यांदाच खाली वाकून बघितलं. तिचा डावा पाय क्लचच्या बाजूला, खाली मॅटवर टेकलेला होता. तो नेहमी तिथेच असणार. इतक्या वर्षांत मी तिथे कधी बघितलंच नव्हतं.