जेट पडला!

आमची जीप अगदी व्यवस्थित चालत होती, म्हणून मी ती उघडली.

(शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला चालती वस्तू बघवत नाही. घरातलं घड्याळ, रेडिओ आणि शिवणयंत्र, तिघांनाही याचा अनुभव होता. मला मात्र आला नव्हता!) चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट. त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न होतं. वऱ्हाड इंझोरीहून यायचं होतं आणि भंतेजी सकाळच्या गाडीनं जऊळका स्टेशनवर उतरणार होते. छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून बाबांच्या मनात एकच होतं, लेकीचं लग्न भंतेजींनीच लावावं. त्यांना आणायला बाबांनी शेजाऱ्याची बैलगाडी सांगून ठेवली होती. मी ती परस्पर परत पाठवली.

"भंतेजीले हादरे देत आनता काय बाबा? मी जातो ना जीप घेऊन!"

"तुह्यावर भरोसा नाई," बाबा म्हणाले. "पन जीपवर हाये."

ही जीप मी लिलावात घेतली होती. रस्त्यात दगा नको म्हणून लग्नाच्या सकाळी तिचा कार्बोरेटर साफ करायचं माझ्या डोक्यात आलं. जीप विहिरीशेजारी उभी केली. अंगात लग्नासाठी शिवलेली नवी बेलबॉटम, खाली चार बोटं दुमड घातलेली. कार्बोरेटर खोलला आणि त्यातला जेट बाहेर काढला. जेट म्हणजे पितळेचा गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा. मधे सुईएवढं भोक, त्यातून पेट्रोल मापात इंजिनात जातं. तो नसला तर जीप म्हणजे चार चाकांची खाट! मी तो उजेडात धरला, कौतुकानं फुंकर मारली आणि तो बोटांतून सटकला.

"जेट पडला!" मी ओरडलो. "जेट पडला रे! विहिरीकडं गेला!" आणि सरळ जीपखाली पालथा झालो.

आता माझ्या धाकट्या भावाची बायको सुमन ही गोंदियाकडची. आमच्याकडं नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात, तिच्याकडं जेठ. आणि आमच्या गावात ठ चा ट होतो, हे तिला नव्यानंच समजलं होतं. (जेठ 'पडले' असं न म्हणता 'पडला' कोण म्हणेल, अशी शंका तिला यायला हवी होती. पण या घरात माझा मान किती, हेही तिला एव्हाना समजलं होतं.)

"आत्याबाई! धावा वो! जेठ विहिरीत पडले!"

मला हे ऐकू आलं नाही. मला दिसले फक्त पाय. आधी दहा, मग पन्नास! वाटलं, काय ही माणसं, एका जेटसाठी हातातलं काम टाकून आली. मला भरूनच आलं.

"सापडला काय?" मी जीपखालून विचारलं.

"नाई ना!" हा आवाज आमच्या नामदेवकाकांचा. ते विहिरीत गळ सोडून बसले होते. "लय खोल गेला दिसते. कसा काय पडला पन?"

"माह्याच हातून सुटला ना काका!"

"बापा! तुह्या हातून? मंग धरून ठेवता नाई आला?"

"कितीक धराव? एवढासा तं जीव त्याचा!"

काकांनी हुंदका दिला. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "मी सायकलनं जाऊन भंतेजीले सांगतो." मला बरं वाटलं. जीपला उशीर होईल हा निरोप आधी गेलेला बरा.

तेवढ्यात कुणीतरी बाई मोठ्यानं रडायला लागली. एका जेटसाठी इतकं रडणं मला जरा जास्त वाटलं. मी खालूनच धीर दिला, "रडता कायले? जुनाच तं होता, घासून घासून कामातून गेलता. वाशीमले नवा भेटते, याच्याहून चांगला!"

रडणं बंद पडलं.

"कोन हाये रे तो?" आता मी ओळखलं, ही तर माझी माय! "माहा लेक इहिरीत अन् हा मले नवा घेऊन देते!"

तिनं वाकून जीपखाली पाहिलं. आम्हां दोघांची नजरानजर झाली. नंतर काय झालं ते मला सविस्तर सांगता येईल, पण सांगवत नाही. तिनं माझा पाय धरून मला बाहेर ओढलं आणि अख्ख्या गावासमोर पाठीत चार धपाटे घातले. चाळीस मुलांना शिकवणारा मास्तर मी! पेट्रोल आणि चिखलानं माखलेला, मार खातो आहे आणि म्हणतो आहे, "माय, जेट! जेट वं! पितळेचा!" सुमन पदरात तोंड लपवून उभी होती. बाबा परत पाठवलेल्या बैलगाडीच्या वाटेकडं बघत होते. ते पाहून मला खरोखर मेल्यासारखं झालं.

मी धावत घरात गेलो आणि शाळेतला लोहचुंबक आणून जमिनीवरून फिरवायला लागलो. हळद लागलेली कमल जवळ आली आणि हळूच म्हणाली, "दादा, पितळ चुंबकाले चिकटत नाई. तूच शिकवलं होतं मले."

शेवटी सुमनला दिसला. भासऱ्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून तिनं मायला सांगितलं, "आत्याबाई, त्याईले म्हना, पँटीच्या दुमडीत काय चमकून राह्यलं ते पाहा."

जेट तिथं होता. आरामात!

कसाबसा बसवला, जीप सुरू झाली, मी सुटलो. लग्न त्या दिवशी नीट लागलं हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझी मान वर राहत नाही. स्टेशनवर भंतेजी निंबाखाली डोळे मिटून बसले होते. नामदेवकाका त्यांना निरोप देऊन पुढच्या गावी नातेवाइकांना कळवायला गेले होते. काय कळवायला, ते मला तोवर उमगलं नव्हतं.

"लग्नघरून आलात?" भंतेजींनी विचारलं.

"हो."

ते गंभीरपणे जीपमध्ये बसले. स्टेशन मागं पडल्यावर मृदू आवाजात म्हणाले, "नवरीचे मोठे भाऊ गेल्याचं समजलं. फार वाईट झालं. किती वाजता गेले?"

मी ब्रेक दाबला. पंचशील घेतलेला माणूस मी, भंतेजींसमोर खोटं बोलायची सोय नव्हती. मान खाली घालून म्हणालो,

"सकाळी आठ वाजता, भंतेजी. साऱ्या गावासमोर."