वाढप्याची पाठ

बुलडाणा जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंच्या हातची बुंदी पानात न पडता ज्याचं लग्न पार पडलं असेल, त्याने ते लग्न कायदेशीर आहे की नाही हे एकदा वकिलाला विचारून घ्यावं. साडूंनी नोकरी तहसील कचेरीत केली, पण जन्म घालवला पंगतीत. कमरेत अगदी दुहेरी वाकून, बुंदीची बादली घेऊन ते असे धावत की बादलीच त्यांना ओढतेय असं वाटावं. ‘पुरे’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. जानेफळच्या एका पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, तर साडू बुंदीने भरलेलं वगराळं घेऊन तसेच ओणवे राहिले. “हात काय, थकतेच न कधीतरी,” म्हणाले. हात थकला आणि बुंदी पडली.

या वेडानेच त्यांचा घात केला. दुसरबीडजवळ रस्त्याकडेच्या मांडवात पंगत बसलेली त्यांना गाडीतून दिसली आणि त्यांनी कचकन ब्रेक दाबला. मागून कांद्याचा टेम्पो येऊन आदळला. गाडीचं मागचं दार चेपलं आणि साडूंच्या मणक्यातली चकती सरकली. दवाखान्यात मी विचारलं, “ब्रेक काऊन मारला?” तर म्हणाले, “साडूभाऊ, एवढी पंगत अन् वाढणारे दोनच. पाहवलं नाही मले.”

बुलडाण्याच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लागला. आमच्या वकिलाने विचारलं, “पेन्शन तर चालू आहे, मग नुकसान काय झालं?” साडू म्हणाले, “लिहा, पंगतीत वाढता येत नाही.” वकील हसला. फुकटच्या कामाचं नुकसान कायद्यात कुठे बसवायचं, हे त्याला कळेना. समोरचा, टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील तर दुखणंच खोटं आहे असं म्हणत होता. हाड मोडलं असतं तर फोटोत लख्ख दिसलं असतं. चकती सरकलेली दिसली, तरी पाठ दुखते किती हे ज्याचं त्यालाच माहीत. आपल्याला कोणी लबाड समजतंय, हे साडूंना दुखण्यापेक्षा जास्त झोंबलं. अन्न तुटलं त्यांचं.

अशात माझ्या मुलीचं लग्न निघालं. साडूंना आम्ही शपथ घालून खुर्चीत बसवलं. तिसरी पंगत बसली आणि पाहतो तर वरपक्षाच्या रांगेत तोच विमा कंपनीचा वकील, व्याह्यांचा मावसभाऊ निघाला. आमचा वकील माझ्या कानाशी लागला, “त्यांना उठू देऊ नका, केस जाईल.” मी वळेपर्यंत खुर्ची रिकामी होती. कंपनीच्या वकिलाच्या पानात बुंदी नव्हती. साडू बादली घेऊन त्याच्यापुढे वाकले आणि म्हणाले, “घ्या वकीलसाहेब. खटला बुलडाण्यात, इथं तुमी पाव्हणे.” बुंदी पानात पडली, पण साडू काही वर होईनात. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम, आणि तशातही हातातली बादली तिरपी होऊ दिली नाही. वकील उष्ट्या हाताने उठला आणि त्यानेच त्यांना धरून खुर्चीत नेलं. मग पानावर जाऊन, मान खाली घालून, त्याने बुंदीचा कण न् कण संपवला.

पुढच्या तारखेआधीच कंपनीने तडजोड केली. साडूंनी किती मिळाले ते विचारलंसुद्धा नाही. “त्यानं पाह्यलं न? झालं मंग,” एवढंच बोलले आणि घरी येऊन पोटभर जेवले.

पाठ मात्र बरी झाली नाही. परवा माझ्या नातीच्या बारशाला आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं, शेजारी स्टुलावर बादली ठेवली. एकेक जण आपलं ताट घेऊन त्यांच्यापुढे जात होता, आणि तेही राजासारखे वाढत होते. मी गेलो तेव्हा त्यांनी वगराळं भरलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “साडूभाऊ, वाकून वाढल्याची गोडी नाही याच्यात.”

जन्मभर मी त्यांच्यापुढे पानावर हात आडवा धरला होता. पोटात जागा नव्हती, तरी मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, “अजून वाढा.”