मेल्चोरची उंची

पेत्रोनिला ब्रितोने जन्मात एकाच माणसावर विश्वास टाकला, नवऱ्यावर, मेल्चोरवर. त्याला सैनिक घेऊन गेले. तेव्हापासून बाई मीठवाल्याचा तराजू आधी रिकामा टांगून बघायची, आणि पाद्र्याने आशीर्वाद दिला तरी ‘ह्याला आता काय हवंय?’ अशा नजरेने त्याच्याकडे पाहायची. नेबाह गावच्या बाजारात तिची जाऊ हासिंता म्हणे, “बाई गं, तू देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागशील!”

“मागेनच. तो काय जावई लागून गेला?”

बऱ्याच वर्षांनी सैनिकांच्या जुन्या छावणीमागचा, प्रेतं पुरलेला खड्डा उकरायला राजधानीतून माणसं आली. त्यांतली लिसेत नावाची मुलगी घरोघर जाऊन हरवलेल्यांच्या उंच्या विचारत होती. मांडीच्या हाडाच्या मापावरून माणसाची उंची काढता येते, ती घरच्यांनी सांगितलेल्या उंचीशी ताडून बघायची, असं तिचं काम. पेत्रोनिलाच्या चुलीपाशी बसून, तिला तिकडच्या रीतीने ‘नान’ म्हणजे आई म्हणत, तिने तळवा आडवा धरला.

“नान, तुमचे मालक एवढे होते का?”

पेत्रोनिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यात आडव्या तळव्याने डुक्कर दाखवतात, बकरी दाखवतात. माणूस दाखवायचा तर हात उभा धरायचा, बोटं वर.

“माझा नवरा काय डुक्कर होता?”

लिसेत बिचारी ओशाळली, माफी मागू लागली. पण बाईचा संशय पेटला होता. जिला माणूस दाखवता येत नाही, ती माणूस ओळखणार कशी? ही कुणाचीही हाडं गळ्यात मारेल! पेत्रोनिलाने सापळा लावला. हात उभा धरला आणि स्वतःच्या कपाळाशी थांबवला.

“एवढा. बुटका होता.”

शेजारी बसलेली हासिंता बघतच राहिली. मेल्चोर त्या घराच्या दारातून वाकल्याशिवाय कधी आत आला नव्हता.

मक्याची कापणी झाल्यावर लिसेत परत आली. पेत्रोनिला टपूनच बसली होती. आणलं एखादं बुटकं हाड, की चोरी पकडलीच!

“नान, तुम्ही सांगितलेल्या उंचीचं कुणीच नाही तिथे,” लिसेत म्हणाली. “एक फार उंच आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. उद्या त्याला बेवारशांबरोबर पुरणार.”

पोरगी खरी निघाली. पेत्रोनिला चुलीतलं लाकूड मागेपुढे सारू लागली.

“बोल ना! मिठाची गुळणी धरलीस का?” हासिंता खेकसली.

बोलणार काय? सापळा तर नुसतं निमित्त होतं. तो त्या खड्ड्यात सापडूच नये, म्हणून तिने त्याला बुटका केला होता. सापडला नाही म्हणजे कुठेतरी आहे, किनाऱ्याकडच्या कॉफीच्या मळ्यात असेल, एक दिवस येईल. एवढ्या आशेवर ती रोज चूल पेटवत आली होती. आणि तिच्या खोट्यापायी उद्या तो बिनानावाचा मातीत जाणार होता.

“त्याचा हात,” शेवटी ती म्हणाली. “हाताला काय झालंय?”

“डावा मोडला होता कधीतरी. वाकडा जुळलाय.”

“खेचरावरून पडला होता. मीच बांधला. मला कुठे नीट बांधता येत होतं!”

ती उठली, दारापाशी गेली, टाचा उंचावून चौकटीच्या वर हात पोचवायला धडपडू लागली. पोचेना. लिसेत तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने हात वर नेला. उभा, बोटं वर.

“एवढे, नान?”

“अजून थोडा वर, पोरी,” पेत्रोनिला म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.