वरच्या मजल्याच्या सळया

सेनगावात शाळेच्या खोल्यांवर स्लॅब टाकून घेत होतो तेव्हा निरोप आला. हिंगोलीहून आलेल्या जीपवाल्यानं खालूनच ओरडून सांगितलं, "सायब, दाजी गेले!" दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, आणि आमच्या बांधकाम कंपनीचे धनी. सकाळी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या, चहा यायच्या आतच... स्लॅब अर्धा झाला होता. अर्ध्यात सोडला की सांधा राहतो आणि त्या सांध्यातून जन्मभर पाणी गळतं. आमचा मिस्त्री रामसिंग डोळे पुसत म्हणाला, "तुमी जा सायब, मी करतो पुरा." त्यानं तो केलाही असता. पण शेवटचं घमेलं पडेपर्यंत घरचं एक माणूस स्लॅबवर उभं पाहिजे, हा दाजींचा नियम, आणि तो त्याच दिवशी मोडायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी हिंगोलीला पोचलो तेव्हा सगळा गोतावळा माझ्यासाठी खोळंबला होता. कुणीतरी कुजबुजलंच, "मेव्हण्याला काय स्लॅब प्यारा का माणूस?" अक्कानं मान वर करून एवढंच विचारलं, "झाला का पुरा?"

बऱ्याच वर्षांपूर्वी मी डिप्लोमा करून औरंगाबादहून परतलो ते चार दिवस सुट्टीला म्हणून. तिकडे एका मोठ्या कंपनीत नोकरी जवळजवळ ठरली होती. दाजींनी सरकारी ओव्हरसियरकी नुकतीच सोडलेली. मला स्कूटरवर मागे बसवून ते कनेरगाव नाक्याच्या एका धाब्यावर घेऊन गेले. चहा सांगितला आणि बाजेवर मांडी घालून म्हणाले, "सुभाष, हिंगोली एक दिवस जिल्हा होनार." मी हसलो. तेव्हा आमची हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका, आणि दाजी गेले तेव्हाही तालुकाच. "हास लेका. पण जिल्हा झाला की कचेरी आली, कोर्ट आलं, क्वार्टरं आली. ती कोन बांधनार? भाईरचे येऊन बांधतील, न् आपन त्याह्यच्या भिंतीवर पानी मारत बसू! त्याच्यासाठी आजपासून तयारी पाहिजे. दहा सालाचं बघ." आमच्याकडे ठेकेदार जास्तीत जास्त पुढच्या बिलापर्यंत बघतो. हा माणूस दहा सालं पुढचं बोलत होता, तेही चहात खारी बुडवून. मला गंमत वाटली म्हणून मी राहिलो. गंमत म्हणूनच, देवाशपथ.

दाजींचं नियोजन कागदावर नव्हतंच, ते त्यांनी बांधलं होतं. स्टेशनकडच्या रस्त्याला पुढे ऑफिस, मागे अक्काचा संसार अशी एकमजली इमारत, आणि गच्चीवर प्रत्येक कॉलमातून पुरुषभर उंच सळया सोडलेल्या. आपल्याकडे सगळेच सोडतात, पुढेमागे मुलगा मजला चढवील म्हणून. दाजींचा हिशेब वेगळा. खालचा मजला म्हणजे पूल, नाल्या, शाळाखोल्यांची कामं, हात बसेपर्यंत. कंपनीची स्वतःची सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, आणि कायमचे मिस्त्री झाले की पहिला मजला. आपला स्वतःचा आर्किटेक्ट इथं बसून नकाशे काढायला लागला की दुसरा. "कंपनी चढंल तेवढंच घर चढवायचं. आधी न्हाई," ते म्हणायचे. दरवर्षी मे महिन्यात स्वतः गच्चीवर जाऊन त्या सळयांना सिमेंटचा लेप द्यायचे, गंज चढू नये म्हणून. शेजारचा आडत्या खालून विचारायचा, "दाजी, पीक कसं हाय औंदा?" दाजी सांगायचे, "वाढून राहिलं!"

वाढत कसलं होतं... दुष्काळ पडला. प्यायला पाणी नाही तिथे काँक्रीटला कुठून आणायचं? तांड्यावरचे आमचे मिस्त्री दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाले. दाजींनी रामसिंगला आणि आणखी चौघांना अडवलं. आवारात त्यांच्याकडून कॉलमच्या सळयांचे सांगाडे बांधून घ्यायचे, संध्याकाळी तार कापून सोडवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे. ओतायला पाणी नसलेले कॉलम! मी चिडून म्हणालो, "दाजी, हे काय येड लागलंय?" तर म्हणाले, "हात मोडला तर बसवता येतो, गड्या. हाताची सवय मोडली तर न्हाई बसवता येत." सांगाडे बांधायच्या पगारासाठी अक्काच्या पाटल्या गेल्या. त्या दिवसापासून तिनं धुणं वाळवायची दोरी त्या सळयांना बांधली. मला तर तो सूडच वाटायचा.

पुढे नागपूरचा एक बडा ठेकेदार आला. मोठं काम होतं, त्याच्या हाताखाली आम्ही करायचं. मी खूश. दाजींनी त्याला जेवू घातलं आणि नाही म्हणाले. "त्याच्या हाताखाली गेलो की पुढची दहा सालं त्याची. आपली न्हाई." आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोललो नाही. त्याच सुमारास वर्गमित्राचं कुवेतहून पत्र आलं, ताबडतोब ये म्हणून. पासपोर्ट निघाला. सांगायचंच म्हणून एका सकाळी ऑफिसात गेलो, तर दारावर पेंटर नवा बोर्ड रंगवून राहिला होता. दाजींच्या नावाखाली माझं नाव. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत! दाजी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून डोळे बारीक करून बघत होते. "दुरून वाचता येतं का बघ," मला म्हणाले. माणसाला दोरखंडानं बांधलं तर तोडून पळता येतं हो... मी म्हणालो, "येतं वाचता." पासपोर्ट ट्रंकेत गेला. त्या बोर्डाखालून रोज आत जाताना मला गुदमरल्यासारखं व्हायचं, आणि माझा जीव गुदमरतोय हे सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगायचं ते दाजींनाच. राग यायचा. अजून येतो. एवढा चांगला माणूस कुणाच्या नशिबी येऊ नये असं वाटायचं.

दाजींचा दहावा-तेरावा आटोपला. पाहुणे गेले. अक्कानं मला समोर बसवलं. "सुभाष, त्या सळया कापून टाक. आता कोन चढवतंय मजले? तुला धरून ठेवणारं मानूस गेलं. कुवेत का काय ते, जा तू. काहून जीव मारून राहिलास इथं?" माझ्या मनातलं तिला किती वर्षांपासून माहीत होतं कोण जाणे. मी रामसिंगला बोलावलं. करवत घेऊन आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दोरीवर तिची लुगडी वाळत होती. खरं सांगतो, छाती हलकी झाली होती. रामसिंगनं करवत लावण्याआधी सवयीनं सळईवरचा लेप छिन्नीनं खरवडला. आत सळई स्वच्छ, निळसर, काल भट्टीतून आल्यासारखी. दुसरी खरवडली, तीही तशीच. त्यानं करवत माझ्यापुढे धरली. मी करवत हातात घेतली. एक ओरखडा काढला. पुढचा ओढवेना... मे अर्धा सरला होता. ह्या वर्षीचा लेप द्यायचा राहिला होता.

बराच वेळ करवतीचा आवाज येईना म्हणून अक्कानं खालून हाक मारली, "कापल्या का रे?"

"न्हाई," मी म्हणालो. "रामसिंग सिमेंट कालवून राहिलाय. लेप द्यायचाय."

जिन्यात तिची पावलं वाजली. मग तिचा आवाज आला, "थांब मग. लुगडी काढू दे आधी."