आधी हृदयाला रंग

रंगारी गेला. ऑपरेशन झालं त्याच दिवशी, संध्याकाळी. त्याच्याबद्दल मी लिहावं असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या. पण खरं सांगायचं तर मी त्याला फारसा ओळखत नव्हतो. आमच्या कारखान्यात शाळांसाठी शरीराची प्लास्टरची मॉडेल्स बनत. तो ती रंगवायचा, मी खोक्यांत भरायचो. मध्ये एक टेबल, एवढीच ओळख.

कारखान्याची एक रीत होती: रंग आधी हृदयाला. जुन्या मालकांनी ती ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलवरून घालून दिली होती. त्याने उबवणीची अंडी एकामागून एक फोडून पाहिली, तेव्हा त्याला आधी दिसला तो धडधडणारा लाल ठिपका. त्याचं मत असं, की सगळं कळतं ते हृदयाला. मेंदू नुसता रक्त थंड ठेवायला. हे त्याचं चुकलं, आणि त्याच्या नावाच्या दबदब्यामुळे पुढे शतकानुशतकं कितीतरी जण तेच धरून बसले.

"पण अंडं फोडून बघावं, हे शिकवलं कोणी?" रंगारी म्हणायचा. "त्याला खोटं पाडणाऱ्यांनीही तेच केलं. फोडलं आणि बघितलं."

मी मान हलवायचो.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. "हाताचं वय झालंय," तो म्हणे, "मी अजून तरुण आहे." आम्हाला दोघांनाही ते खरं वाटलं.

एके सकाळी कामावर आलो आणि चरकलो. टेबलावरच्या मॉडेलचा मेंदू रंगवून तयार होता, हृदय मात्र पांढरंच. मेंदूच्या डाव्या बाजूवर बोट ठेवून तो बसला होता.

"हृदय राहिलंय," मी वेड्यासारखं म्हणालो.

"राहू दे. उजवा हात हलतो तो इथून. डॉक्टरांना इथेच गाठ दिसलीय. कापणार आहेत."

मी समोर एक खोकं ओढून बसलो.

"अ‍ॅरिस्टॉटल बरोबर निघाला तर मजा आहे. रक्त जरा तापेल, इतकंच. बायको माझ्या डोक्यावर चहा ठेवील." तो हसला, पण कपाळावर घाम होता. मग हळूच म्हणाला, "मरणाचं सोड रे. जागा झालो आणि हिला ओळखलंच नाही तर?"

त्यानंतर मला धड झोप लागली नाही.

ऑपरेशननंतर त्याने डोळे उघडले तेव्हा वहिनी उशाशी होत्या, मी दाराशी. त्याची नजर त्यांच्यावरून फिरली, छताकडे गेली, परत आली. उजवा हात चादरीवर निपचित पडला होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी कोण?"

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. मग त्याने डावा हात पुढे केला.

"अगं, आधी चष्मा दे."

वहिनी तोंडाला पदर लावून रडू लागल्या. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"जेवलास?"

"नाही."

"मग जा ना. कॅन्टीन बंद होईल."

"बरं," मी म्हणालो, "येतो."