सौदा तिचा, हात त्याचा

शारजाच्या रोल्ला बाजारात माझं ब्लँकेटचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात एक रशियन बाई तिथे घाऊक माल न्यायला यायची. भाव पाडण्यात तिच्या तोडीचं माणूस मी शारजात पाहिलं नाही. मी चिडून ओरडलो की ती थंडपणे म्हणायची, "हबीबी, हा तुझा शेवटचा भाव नाही." आणि तो नसायचाच. तोवर तिचा नवरा बाहेर सिगारेट ओढत उभा असायचा. सौदा ठरला की ती त्याला आत बोलवायची आणि माझ्याशी हात तोच मिळवायचा. मी पुढे केलेला हात तिने कधीच घेतला नाही. ते मला झोंबायचं.

एकदा तो तापाने हॉटेलात पडला होता. ठरलेला माल तसाच ठेवून ती गेली आणि त्याला धरून घेऊन आली. मी भडकलो. "मॅडम, घासाघीस तुम्ही केलीत, मग याला कशाला उठवलंत?"

ती हळूच म्हणाली, "त्याचा कारखाना बंद पडलाय. घरी गेल्यावर त्याला सांगता यायला हवं, 'हा माल मी आणला.'"

मी त्याचा तापलेला हात दाबला आणि मोठ्याने म्हणालो, "साहेब, बुडवलंत मला!" तो ताठ उभा राहिला. त्याच्या पाठीमागे तिने आणखी एक ब्लँकेट गठ्ठ्यात सरकवलं, माझ्याकडे बघत. ओरडायची सोय मीच घालवली होती.